जनुकांचे वॉल आणि तोंडाचा कर्करोग

अमरावती-अकोल्याकडे खर्रा म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि तासन् तास गालात धरायचा. तंबाखू घातक आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. मग गालातल्या पेशीत नेमके बिघडते तरी काय?

प्रत्येक पेशीच्या डीएनएत सुमारे २० हजार जनुके असतात. ती सगळी एकाच वेळी काम करीत नाहीत. ओलिताच्या शेतात पाइपलाइन सगळीकडे असते, पण ज्या भागाला पाणी द्यायचे त्याचाच वॉल आपण उघडतो. पेशीतही अशी सोय आहे. डीएनएच्या 'सी' या अक्षरावर मिथाइल नावाचा अणूंचा लहानसा गट चिकटतो. यालाच मिथिलीकरण म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीने बसले की त्याचा वॉल बंद होतो. जनुकाची अक्षरे तीच राहतात, काम तेवढे थांबते.

कर्करोगात हे वॉल उलटसुलट फिरतात. बऱ्याच डीएनएवरचे मिथाइल गट कमी होतात, हे अमेरिकेतील फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले. याउलट पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या काही जनुकांवर ते साचतात. 'पी-१६' हे असेच एक जनुक. तोंडाच्या अनेक कर्करोगांत, आणि त्याआधीच्या काही पांढऱ्या चट्ट्यांतही, ते मिथिलीकरणाने बंद पडलेले आढळले आहे. पेशी दुभंगली की ही खूण नव्या पेशींतही उतरते. अशा रीतीने बिघाड मुकाट्याने वाढत जातो.

ही खूण पुसता येते का? रक्त तयार करणाऱ्या मज्जेच्या एका विकारावर 'अ‍ॅझासायटिडिन' या औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते मिथिलीकरण कमी करते. तोंडाच्या कर्करोगावर मात्र हा नेहमीचा उपचार नाही. तिथे आजही भिस्त शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधांवरच आहे.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड कमी उघडू लागले, तर 'दुखत नाही ना!' म्हणून थांबू नका. अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, तोंड एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि खर्रा आजच सोडा. सोडल्यावर कर्करोगाचा धोका वर्षागणिक घटत जातो.