बाळाचा बेदाणा

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे देवळांचे गाव. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर तिकडे गेलेली मराठी घराणी, १८५५ साली ते राज्य खालसा झाल्यावरही, तेथेच नांदत राहिली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे अशाच एका घराण्यात जन्मले. उतारवयात या मुत्सद्द्याने मुलांना वाढवावे कसे, यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. दौलतीचा कारभार पाहणाऱ्यास जो विषय क्षुद्र वाटला नाही, त्यातील एका चिमुकल्या वस्तूचा आज विचार करू. ती वस्तू म्हणजे बेदाणा.

तासगाव-सांगलीकडे ज्याला आपण बेदाणा म्हणतो, त्यालाच तमिळमध्ये ‘उलर् तिराट्चै’ म्हणतात. बाळाला खडा होऊ लागला की काळ्या मनुकांचे पाणी पाजण्याची रीत दोन्हीकडे आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काहीही, हे पाणीसुद्धा, देऊ नये. पुढेही ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. सुमारे चार किलो द्राक्षे सुकतात तेव्हा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जाते, साखर मागे राहते. बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो.

खरा धोका मात्र साखरेचा नाही, आकाराचा आहे. कुंभकोणम्‌च्या देवळांतून मिळणारा शर्करा पोंगलाचा प्रसाद पाहा. त्यात तुपावर परतलेले बेदाणे टम्म फुगून गोल झालेले असतात. सोबत काजूचे तुकडेही असतात. बाळाची श्वासनलिका सुमारे त्याच्याच करंगळीएवढी अरुंद, आणि अन्न दळणाऱ्या दाढांचा अद्याप पत्ता नाही! मऊ भाताबरोबर असा बेदाणा घशात उतरला आणि वाट चुकला, तर श्वास कोंडावयास काही क्षण पुरतात. प्रसाद द्यावा, पण आधी बेदाणे व काजू वेचून काढावेत.

मग सुकामेवा द्यावा कसा? सहा महिन्यांनंतर, पेज व खिमट अंगवळणी पडल्यावर, चार-पाच बेदाणे धुऊन उकळून निवविलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी कुस्करून गाळणीतून काढावेत, म्हणजे साल वर राहील. हा गर अर्धा चमचा नाचणीच्या सत्त्वात मिसळावा. खजूर असल्यास बी काढून, शिजवून, सोलून घोटावा. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा व दोन-तीन दिवस वाट पाहावी. वर्षानंतर भिजवलेल्या बेदाण्याचे बारीक तुकडे चालतील. अख्खा बेदाणा चार वर्षांनंतर, तोही बसवून, धावता-हसताना नव्हे. अख्खे बदाम-काजू पाच वर्षांपर्यंत दूरच ठेवावेत. चिकट बेदाणा दातांना धरून राहतो, म्हणून तो जेवणाबरोबर द्यावा व मागून पाणी पाजावे.

कावेरीच्या मुलुखात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या दमट हवेत उघडा सुकामेवा ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते. तो घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. वास बदलला तर टाकून द्यावा. पिवळाधमक बेदाणा पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेला असतो. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला तो त्रासदायक ठरू शकतो.

इतके करूनही घास अडकलाच, तर मूल जोराने खोकत असेपर्यंत त्याला खोकू द्यावे. खोकला व आवाज बंद पडल्यास, वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे. खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे, आणि हाच क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट मात्र घालू नये. त्याने तो आणखी आत जातो.

मायेने भरविलेला घास सुखरूप पोटात जावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप. बेदाणा कुस्करावयास एक मिनिट लागते, आणि ते मिनिट कोणत्याही घरात सापडण्यासारखे आहे.