यादी उलटी करताना

सकाळी ९
चेन्नईच्या वेलाचेरीतल्या एका मराठी घरातल्या मुलाने रात्री यादी पाठवली आहे. सगळ्यात वर महागडं ग्राफिक्स कार्ड, मग काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे आणि तळाशी, उरल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस. गेमिंगच्या याद्या बहुतेक अशाच येतात, आणि मी त्या उलट्या करतो. संगणक सात-आठ वर्षं चालवायचा असेल तर आधी एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट ठरवायचं. कार्ड मध्येच कधीही बदलता येतं.

१०.३०
गव्हर्नमेंट इस्टेट मेट्रो स्टेशनवरून चालत रिची स्ट्रीट. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड तसा हा चेन्नईकरांचा. दुकानांची शटरं आत्ता कुठे वर जाताहेत, हातगाड्यांवरून मॉनिटरचे खोके उतरताहेत. बाजार मीरन साहिब स्ट्रीट, नरसिंगपुरम स्ट्रीटपर्यंत पसरलाय. मुलगा वडिलांना घेऊन आलाय.

"काका, बोर्ड साधाच घेतला तर? गेम कार्डवर चालतो ना?"

"चालतो. पण पुढचा प्रोसेसर बोर्डावरच बसणार आहे."

एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण देतो. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८०० एक्स३डी प्रोसेसर बसला. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि निदान २०२७ पर्यंत तो चालू ठेवू, असं कंपनीने सांगितलंय. म्हणून एएम५ चा मधल्या किमतीचा बोर्ड आणि त्यावर ७८०० एक्स३डी. रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या.

११.३०
आता कार्ड. आरएक्स ९०७० एक्सटी घ्यायचं ठरतं, कारण त्यात १६ जीबी मेमरी आहे. नव्या गेमना मेमरी कमी पडली की कार्ड कितीही वेगवान असलं तरी अडखळतं. कार्ड ३०४ वॉट खातं, प्रोसेसर कागदावर १२०, त्यामुळे एसएमपीएस ७५० वॉट, गोल्ड दर्जाचा, दहा वर्षांच्या वॉरंटीचा. वडील किमतीकडे पाहतात. मी त्यांना एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरचा हिशेब सांगतो: तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अग्निनक्षत्रम्‌च्या दिवसांत, मे महिन्यात, इथे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा एसी नसलेल्या खोलीत स्वस्त एसएमपीएस लवकर दम तोडतो.

काचेऐवजी पुढून जाळी असलेलं कॅबिनेट आणि वॉटर कूलरऐवजी साधा हवेचा कूलर. वॉटर कूलरचा पंप गेला तर सगळा कूलरच बदलावा लागतो. हवेच्या कूलरचा फार तर पंखा बदलायचा. मुलाचं तोंड पडतं, पण रंगीत पंखा एक मिळतोच.

दुपारी १.३०
केळीच्या पानावर सांबार-भात. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलाय का, हे जेवताजेवता तपासतो. नंबर नसेल तर वॉरंटीच्या वेळी दुकानदार हात वर करतो.

२.३०
बेझंट नगरहून एक जुना संगणक आलाय. घर समुद्राजवळ, खिडकी कायम उघडी. मागच्या पट्ट्या तांबूस गंजल्यात, कार्डाच्या कडेला हिरवट बुरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करतो. त्यातला चांगल्या प्रतीचा एसएमपीएस अजून ठणठणीत आहे, स्वस्तातल्या पंख्यांनी मात्र मान टाकलीय.

४.००
नवा संगणक जोडायला घेतो. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच. मुलगा कासावीस.

"काका, बोर्ड गेला?"

"थांब. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःची घडी बसवून घेते, काही मिनिटं जातात."

मधेच बंद करायचं नाही, एवढंच पथ्य. थोड्या वेळाने बायोस उघडतो. त्यात रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू करतो, नाहीतर रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालतच नाही. मग तासभर जड गेम, आणि तापमानावर नजर.

संध्याकाळी ७.३०
वेलाचेरी. टेबलावर आधीचा ६०० व्हीएचा यूपीएस आहे. तो जेमतेम ३६० वॉट देतो, गेम चालू असताना वीज गेली तर उपयोग नाही. शुद्ध साइन वेव्हचा मोठा घ्या, असं लिहून देतो. मग मल्टिमीटर. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल-अर्थ ४०! एमसीबी पाडून प्लेट उघडली, तर अर्थची तार सैल. आवळल्यावर आकडा २ वर आला. अर्थ नसता तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या असत्या आणि दोष नव्या मालाला लागला असता.

"किती वर्षं चालेल?" वडील विचारतात.

"तीन-चार वर्षांनी कार्ड बदलाल, कदाचित प्रोसेसरही. बाकीच्याला हात लावायची गरज पडू नये. जाळी मात्र दर महिन्याला झाडायची, आणि ते काम याचं."