मतपत्रिकेवरचा काळा बिबट्या

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेचे सार्वजनिक जीवन ढवळून निघाले. त्या मंथनातील एक चिन्ह पुढे आपल्या मराठी मातीत रुजले, ते म्हणजे पँथर. 'दलित पँथर' हे नाव आंबेडकरी चळवळीतील घराघरांत परिचित आहे. परंतु या पँथरचा जन्म एका मतपत्रिकेवर झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

अलाबामा राज्यात लाउन्डेस नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. तेथील लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे ८० टक्के. तरीही १९६५ च्या आरंभी मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. वस्तुतः वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती १८७० मध्येच झाली होती. अधिकार कागदावर होता आणि त्याच्या आड साक्षरतेच्या परीक्षा व जमीनदारांची दहशत उभी होती.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. या परीक्षा बंद पडल्या, लोक नावे नोंदवू लागले. तेव्हा गोऱ्या जमीनदारांनी, नाव नोंदविणाऱ्या कुळांना जमिनीवरून आणि घरांतून हुसकावले. त्या कुटुंबांनी महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून हिवाळा काढला. रत्नागिरीच्या वाचकास हे चित्र परके वाटू नये. कसणारा एक आणि मालक दुसरा, अशा खोतीच्या जमिनीवर आपल्याही वाडवडिलांनी पिढ्या काढल्या आहेत. ती खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले; प्रत्यक्ष कायदा १९४९ चा.

लाउन्डेसच्या लोकांनी जॉन ह्यूलेट यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा पक्ष काढला. विद्यार्थी चळवळीतील स्टोकली कारमायकेल व त्यांचे सहकारी तेथे मुक्काम ठोकून होते. निरक्षर मतदारांच्या सोयीसाठी अलाबामात पक्षाला चित्ररूप चिन्ह लागे. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा. याच पक्षाने बराच काळ गोऱ्यांचे वर्चस्व उघडपणे मिरविले होते. नव्या पक्षाने काळा बिबट्या निवडला. हा प्राणी आपण होऊन अंगावर येत नाही, मात्र कोंडीत सापडला की उलटतो, हा त्यामागील विचार. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सारे उमेदवार पडले. पण १९७० मध्ये ह्यूलेट त्याच काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीस प्रमुख, म्हणून निवडून आले. माझ्या मते त्या दशकाची खरी कमाई मोर्च्यांच्या छायाचित्रांपेक्षा या निकालात अधिक दिसते.

दरम्यान ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्युई न्यूटन व बॉबी सील यांनी तेच चिन्ह घेऊन ब्लॅक पँथर पक्ष स्थापला. त्यांच्या हातातील बंदुका वृत्तपत्रांत गाजल्या. १९६९ पासून त्यांनी शाळकरी मुलांसाठी चालविलेली सकाळची न्याहारी मानाने कमी गाजली. उपाशीपोटी मूल शिकत नाही, हे वसतिगृह चालविणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही देशांत पँथर आला तो कायद्यानंतर. आपल्याकडे अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५ चा. तरीही खेड्यांतील अत्याचार आणि बहिष्कार थांबले नव्हते. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी दलित पँथर उभी केली. पुढच्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरशी असलेले नाते नोंदविले गेले.

मात्र येथे चिन्हाचा अर्थ पालटला. लाउन्डेसचा बिबट्या लोकांना मतपेटीकडे नेत होता. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक आली, तेव्हा दलित पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. ज्यांची मते गृहीत धरली जातात, त्यांनी ती रोखून धरावयाची, हा त्यामागील हिशेब. ५ जानेवारीस वरळीतील सभेनंतर दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडाने मारला गेला. मतदान झाले आणि काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत झाले.