निपचित पडलेला लॅपटॉप

आलापल्लीहून चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. सागवानाच्या त्या अरण्यप्रदेशात वनखात्यात, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीस असलेल्या आपल्या एखाद्या आप्ताचा लॅपटॉप एके दिवशी बटण दाबूनही जागा होत नाही, आणि तो आपणांस दूरध्वनीवरून विचारतो, “आता काय करू?” दुकानात न्यावा, हे उत्तर नागपूरकरास वा पुणेकरास सहज सुचते, परंतु तिकडे त्या उत्तराची किंमत एक रजा, एस.टी.चा लांबचा प्रवास आणि बहुधा यंत्र परत आणण्याची दुसरी खेप एवढी पडते. तेव्हा प्रवासास निघण्यापूर्वी काय पाहावे, ते श्रोतेहो, आज सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्र बंद आहे की केवळ पडदाच काळा आहे, हे ठरवावे. एखादा दिवा लागतो काय, पंख्याची घरघर ऐकू येते काय, कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा पेटतो काय? यांपैकी काही होत असेल तर यंत्र जिवंत आहे. पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. अंधुक चित्र दिसल्यास पडद्यामागील प्रकाश तेवढा गेला असे समजावे. अशा वेळी घरच्या टीव्हीस तारेने जोडून काम निभावता येते.

काहीच हालचाल नसेल तर विजेची वाट तपासावी. भिंतीतील २३० व्होल्टचा प्रवाह अडॅप्टर बहुधा १९-२० व्होल्टवर आणतो. त्याच खोबणीत दुसरे उपकरण लावून पाहावे. टाइप-सी तारेच्या अडॅप्टरची गोष्ट निराळी: तो आरंभी ५ व्होल्टच देतो आणि लॅपटॉपशी बोलणे जुळल्यावर दाब वाढवितो. म्हणून मोबाइलचा चार्जर खोबणीत नीट बसला, तरी त्याने लॅपटॉप सुरू होईलच असे नाही. बॅटरी पार रिती झाली असल्यास अर्धा तास तरी धीर धरावा.

यानंतरचा उपाय एखाद्या वैदूच्या तोडग्यासारखा वाटतो. परंतु त्यामागे सरळ कारण आहे. लॅपटॉप बंद असतानाही त्यातील एक लहानशी नियंत्रक चकती जागी असते. बटण दाबले गेले काय, बॅटरी किती भरली, यावर तिची नजर असते. विजेचा दाब एकाएकी चढला-उतरला की कधी कधी ही पहारेकरीणच गोंधळते, आणि बॅटरीतून तिला सतत वीज मिळत राहिल्याने तिचा गोंधळ आपोआप मिटत नाही. यास्तव अडॅप्टर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी, आणि बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरावे. साठलेली वीज ओसरते व नियंत्रक नव्याने आरंभ करतो. बॅटरी आत बसविलेली असली तरी बऱ्याच यंत्रांत दीर्घकाळ बटण दाबण्याचा हाच उपयोग होतो. मग केवळ अडॅप्टर लावून पाहावे.

दोन प्रसंगी मात्र हे काहीही करू नये. यंत्रात पाणी शिरले असेल तर बटणास हात लावू नये. तांदळात पुरून ठेवण्याचा लोकप्रिय उपाय आतल्या गंजास थांबवीत नाही. आणि बॅटरी फुगून तळ किंवा स्पर्शपट्टी वर उचलली गेली असेल, तर ती भारित करू नये, टोचूही नये. तिला आग लागू शकते.

आता खऱ्या चिंतेची गोष्ट. लॅपटॉप गेला म्हणजे त्यातील कागदपत्रे गेली, असे नव्हे. अनेक यंत्रांतील साठवणीचा भाग स्क्रूने बसविलेला असतो आणि दुसऱ्या संगणकास जोडून वाचता येतो. काहींत तो मुख्य पाटीलाच डाखलेला असतो. शिवाय विंडोजच्या अनेक नव्या यंत्रांत हा साठा कुलूपबंद असतो, आणि त्याची ४८ अंकी किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असू शकते. ती मोबाइलवरून खाते उघडून आधीच कागदावर उतरवून घ्यावी. दुकानदारास यंत्र देताना “साठा पुसू नये” असे पावतीवर लिहवून घ्यावे, आणि वरीलपैकी काय काय करून पाहिले तेही सांगावे.