स्नोकाइटिंग

स्नोकाइटिंग हा मोठ्या आकाराच्या, नियंत्रित करता येणाऱ्या काइटच्या म्हणजेच पतंगाच्या ओढीने हिमावरून किंवा गोठलेल्या तलावावरून सरकण्याचा हिवाळी क्रीडाप्रकार आहे. खेळाडूच्या पायांत स्की किंवा स्नोबोर्ड असतो आणि काइट कमरेच्या हार्नेसला जोडलेला असतो. काइट उडवण्याचे तंत्र पाण्यावरील काइटबोर्डिंगशी बहुतांशी समान असल्यामुळे अनुभवी काइटबोर्डर हा खेळ लवकर आत्मसात करतो. मात्र पाणी पडणाऱ्याला सावरून घेते, त्याचा वेग कमी करते आणि समुद्रावरचा वारा तुलनेने एकसारखा वाहतो. हिमावर या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. त्यामुळे अशा खेळाडूला नवे तंत्र शिकण्याबरोबरच पाण्यावरील काही सवयीही सोडाव्या लागतात.

इतिहास

डिटर श्ट्रासिला यांनी १९६० च्या दशकात आल्प्समध्ये हवाई छत्रीच्या साहाय्याने स्कीइंग करण्याचे प्रयोग केले. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवेने फुगवलेल्या नळ्यांचा सांगाडा असलेल्या काइटचे पेटंट नोंदवले. पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवता येणाऱ्या या काइटमुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काइटबोर्डिंगचा प्रसार झाला.

ध्रुवीय मोहिमांतही वाऱ्याच्या शक्तीचा उपयोग झाला. नॉर्वेचे बर्गे आउसलान यांनी १९९६-९७ मध्ये एकट्याने व बाहेरची रसद न घेता ६४ दिवसांत अंटार्क्टिका पार केले. वारा अनुकूल असताना ते पालसदृश काइटची मदत घेत. २०१० मध्ये एरिक मॅकनेअर-लँड्री व सबॅस्टियन कोपलँड यांनी ग्रीनलंडच्या हिमस्तरावर २४ तासांत ५९५ किलोमीटर अंतर कापले.

पाण्यावरील खेळाशी तुलना

घर्षण आणि वेग

पाण्यावर बोर्ड तरंगता ठेवण्यासाठी काइटची बरीच ओढ खर्च होते. स्की व हिम यांच्यातील घर्षण त्या मानाने फारच कमी असते, म्हणून तेवढ्याच वाऱ्यात हिमावर लहान काइट पुरतो. साधारणतः पाण्यावर वापरला असता त्यापेक्षा एक ते दोन आकार लहान काइट निवडला जातो. कमी घर्षणामुळे खेळाडू वाऱ्यापेक्षाही अधिक वेगाने जाऊ शकतो. वेग वाढला की काइटला जाणवणारा वारा, म्हणजे सापेक्ष वारा, वाढतो आणि काइटची ओढ त्या वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास ओढ चौपट होते. याउलट वाऱ्याच्याच दिशेने वेगात जाताना दोऱ्या सैल पडतात, काइट मिटतो आणि पुन्हा भरताना जोराचा झटका देतो.

थंड हवा अधिक घन असल्याने काइट अधिक ओढतो, असे नेहमी सांगितले जाते. समुद्रसपाटीवर ते खरे आहे. ३० अंश सेल्सियस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम, तर उणे १० अंशांत ते सुमारे १.३४ किलोग्रॅम असते. म्हणजेच सुमारे १५ टक्के फरक पडतो. परंतु १,००० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने उणे १० अंशांतही घनता १.१९ किलोग्रॅमच्या आसपास राहते. त्यामुळे गोठलेल्या सखल तलावावर हा फरक जाणवतो, तर उंच पठारावर तो जवळपास नाहीसा होतो.

सुरुवातीची हालचाल

पाण्यात बसलेला काइटबोर्डर काइटला वाऱ्याच्या प्रवाहातून झपाट्याने खाली आणतो आणि त्या झटक्याने पाण्याबाहेर येऊन उभा राहतो. ही हालचाल सरावाने अंगवळणी पडलेली असते. हिमावर खेळाडू आधीच उभा असतो, त्यामुळे तोच झटका त्याला पुढे फेकतो. म्हणून हिमावर काइट हळूहळू एका बाजूला झुकवून, डोक्यापासून साधारण ४५ अंशांवर स्थिर ठेवून गती घेतली जाते.

वारा आणि भूरूप

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा नसतो. डोंगराळ प्रदेशात मात्र टेकडीच्या आडोशाच्या बाजूला वारा भोवऱ्यासारखा फिरतो, अचानक पडतो किंवा उलट दिशेने येतो. वारा ज्या उतारावर येऊन आदळतो तेथे त्याला वरची दिशा मिळते. अशा उतारावर काइट पॅराग्लायडरप्रमाणे खेळाडूला उचलू शकतो आणि मग उडी अपेक्षेपेक्षा उंच व लांब जाते. उतारावर चढाई करणे हे या खेळाचे मोठे आकर्षण असले, तरी पहिले धडे रुंद, सपाट व मोकळ्या जागेतच घेणे श्रेयस्कर मानले जाते.

साधने

काइट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. फुगवलेल्या नळीचे काइट पाण्यावर सर्वाधिक वापरले जातात आणि ते हिमावरही चालतात. परंतु टणक हिमावर आदळल्यास त्यांची पुढची नळी फुटू शकते, तसेच थंडीत पंप व झडपा गोठण्याची शक्यता असते. फॉइल काइट केवळ कापडाचे असतात व कप्प्यांत शिरणाऱ्या वाऱ्याने फुगतात. त्यांना पंप लागत नाही, ते लहान पिशवीत मावतात आणि मागच्या दोऱ्या ओढून त्यांना उलट दिशेने उचलता येते. त्यामुळे हिमावर अनेक खेळाडू फॉइल काइट पसंत करतात. मात्र त्यांच्या बारीक दोऱ्यांची संख्या मोठी असल्याने त्या झुडपांत, दगडांत किंवा स्कीच्या बांधणीत अडकणार नाहीत याची दक्षता घ्यावी लागते.

पाण्यावरील बोर्डाची सवय असलेल्यास स्नोबोर्ड ओळखीचा वाटतो. तरीही सुरुवातीला स्की सोयीचे ठरतात. स्कीवर सहज उभे राहता येते, काइटपर्यंत चालत जाता येते आणि पडल्यास बांधणी आपोआप सुटते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात व त्याची बांधणी पडल्यावर सुटत नाही.

हेल्मेट, डोळ्यांना झाकणारा चष्मा आणि शक्यतो पाठीचे कवच ही आवश्यक साधने मानली जातात. काइटची सर्व ओढ एका क्षणात तोडणारी सुटका यंत्रणा पाण्यावरप्रमाणेच येथेही असते; तिच्यासाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. जाड हातमोजे घालून ही यंत्रणा चालवता येते का आणि तिच्यात बर्फ अडकलेला नाही ना, याची प्रत्येक वेळी तपासणी करणे गरजेचे असते.

पडणे आणि सुटका

पाण्यात पडल्यावर शरीर बुडते आणि पाण्याच्या विरोधामुळे वेग कमी होतो. त्या अवधीत काइट सावरण्याची संधी मिळते. टणक हिमावर असा विरोध नसतो व खेळाडू फरफटत जातो. म्हणून हिमावर सुटका यंत्रणा हा शेवटचा उपाय नसून नियंत्रण सुटताच वापरण्याचा उपाय समजला जातो. पाण्यावर उंच उड्या मारणाऱ्या खेळाडूंसाठीही हाच विचार महत्त्वाचा आहे, कारण उडीचा अंदाज चुकल्यास खाली पाणी नसते.

परतीचा विचारही वेगळा असतो. कमी घर्षणामुळे काही मिनिटांत अनेक किलोमीटर दूर जाता येते, परंतु वारा थांबल्यास तेच अंतर पायी कापावे लागते. वारा चांगला असताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाणे आणि सोबत नकाशा, अन्न, उबदार कपडे व संपर्काचे साधन बाळगणे ही रूढ पद्धत आहे.

हार्डांगरविडा

दक्षिण नॉर्वेतील हार्डांगरविडा हे पठार स्नोकाइटिंगच्या प्रसिद्ध स्थळांपैकी एक आहे. वृक्षरेषेच्या वरचा मोकळा प्रदेश, दीर्घ हिवाळा आणि नियमित वारा यांमुळे ते या खेळाला अनुकूल ठरते. ओस्लो ते बर्गन या रेल्वेमार्गावरील हाउगास्टोल हे तेथील प्रमुख केंद्र आहे. स्की व स्नोबोर्ड वापरणारे शेकडो खेळाडू एकाच वेळी सुरुवात करतात अशी रेड बुल रॅग्नारॉक ही शर्यतही याच परिसरात होते. हार्डांगरविडावर जंगली रेनडियरचे मोठे कळप असून काइटमुळे ते बिथरतात. त्यामुळे संरक्षित क्षेत्रात जाण्यापूर्वी स्थानिक निर्बंध जाणून घेणे आवश्यक असते.

नैसर्गिक धोके

हिमस्खलन: ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाची शक्यता सर्वाधिक असते. ते उताराच्या पायथ्यापलीकडेही पसरत असल्याने खालचा सपाट भाग सुरक्षित असतोच असे नाही. डोंगराळ भागात शोधयंत्र, सळई व फावडे सोबत ठेवले जाते.

बर्फाची जाडी: स्वच्छ, टणक बर्फ एका व्यक्तीसाठी किमान १० सेंटीमीटर जाड असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ त्यापेक्षा कमकुवत असतो. प्रवाहाच्या मुखाजवळ बर्फ अनेकदा पातळ असतो.

थंडी: उणे १० अंश तापमानात ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा असल्यास उघड्या त्वचेला सुमारे उणे २० अंशांइतकी थंडी जाणवते. सुन्न बोटांनी सुटका यंत्रणा चालवणे अवघड होते.

दृश्यता: ढगाळ प्रकाशात जमीन व आकाश यांतील सीमा पुसली जाते आणि समोरचे खड्डे किंवा कडे दिसत नाहीत.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमांची सर्वपरिचित संहिता आहे. वेळीच मागे फिरण्यात कमीपणा नाही, असे तिच्यातील एक नियम सांगतो. काइटच्या वेगामुळे माघारीचे अंतर झपाट्याने वाढत असल्याने स्नोकाइटिंग करणाऱ्यांना हा नियम विशेषत्वाने लागू होतो.