डब्यातला प्रत्येक ग्रॅम

पहाटे ५.४५

आमच्या संशोधनाचा दिवस स्वयंपाकघरात सुरू होतो. ओहायोतल्या हिवाळ्यात या वेळी बाहेर काळोख आणि बर्फ असतो. आत टेबलावर लोणी, ऑलिव्ह तेल, अंडी, चीज, अव्होकाडो आणि पालक मांडलेला असतो. प्रत्येक जिन्नस ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर चढतो. विद्यापीठाच्या या गटात मी आहारतज्ज्ञ आहे. काट्यावरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला की मी सही करते, मगच डब्याला झाकण लागतं.

कीटोजेनिक आहारात दिवसाची कर्बोदकं साधारण ५० ग्रॅमच्या खाली ठेवतात, काही वेळा त्याहूनही कमी. ऊर्जेचा मोठा वाटा स्निग्ध पदार्थांतून येतो. एका भाकरीच्या ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पस्तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे दीड भाकरी झाली की दिवसाचा वाटा संपला, मग भाजी, दूध, फळ यांना जागाच उरत नाही.

आमच्याकडे प्रत्येक सहभागी काही आठवडे कीटो आणि काही आठवडे धान्य, कडधान्य आणि फळांचा आहार घेतो. आधी कोणता घ्यायचा, हे संगणक चिठ्ठी काढून ठरवतो. सगळं जेवण आम्हीच पुरवतो. ‘काल काय खाल्लंत?’ असं विचारलं तर माणसं आठवेल ते प्रामाणिकपणे सांगतात, पण फोडणीत तेल किती पडलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक डब्याबरोबर एक छोटा रबरी उलथना देतो. कडेला लागलेलं लोणीसुद्धा त्याने निपटून खायचं. उरलेलं अन्न परत येतं आणि त्याचंही वजन होतं.

सकाळी ७.००

पहिले सहभागी बारा तास उपाशी राहून येतात. रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स, शाळेत जाण्याआधी घाईने आलेले शिक्षक. आधी वजन, रक्तदाब, मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब.

त्या थेंबात आम्ही बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन मोजतो. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं, साठलेली चरबी मोकळी होते आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. १९६७ साली जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांच्या गटाने दीर्घ उपवासातल्या माणसांच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं. मेंदू आपल्या गरजेचा मोठा भाग कीटोनवर भागवतो, हे त्यातून दिसलं. मेंदूला फक्त ग्लुकोज चालतं, ही समजूत तिथे मोडली.

आहारातून आलेली कीटोनची पातळी बहुधा लिटरमागे ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान राहते. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये ती याच्या कितीतरी पुढे जाऊ शकते आणि रक्तातलं आम्ल वाढतं. पहिली स्थिती शरीराच्या ताब्यात असते, दुसरीत जीव धोक्यात येतो. हा फरक आम्ही प्रत्येकाला पहिल्याच भेटीत समजावून सांगतो.

सकाळी ८.३०

एक बाई पलंगावर निवांत पडल्या आहेत. डोक्यावर पारदर्शक टोप आहे आणि त्याला हवेची नळी जोडली आहे. अर्धा तास हलायचं नाही आणि झोपायचंही नाही. यंत्र त्यांनी घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतं. शरीर निव्वळ कर्बोदकं जाळत असेल तर या दोन वायूंचं गुणोत्तर १.० येतं, निव्वळ चरबी जाळत असेल तर ०.७ च्या आसपास. कीटो सुरू झाल्यावर हा आकडा दिवसागणिक खाली सरकतो.

इथे आमचे प्राध्यापक नव्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास बजावतात. कीटोवर जळणाऱ्या चरबीत ताटातून आलेली चरबीही असते. त्यामुळे टोपातला आकडा ०.७ कडे आला म्हणून पोटावरची चरबी घटली, असं म्हणता येत नाही. ती घटली का, हे शरीरातली चरबी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये पाहावं लागतं.

सकाळी १०.००

रक्ताच्या नळ्या अपकेंद्री यंत्रातून फिरून आल्या आहेत. वर पिवळसर प्लाझ्मा, खाली तांबड्या पेशी. सहकारी प्लाझ्मा छोट्या कुप्यांत वाटते, बारकोड लावते आणि कुप्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवते. एकाच माणसाचे सगळे नमुने शेवटी एकत्र तपासले जातात, म्हणजे तपासणीतला रोजचा थोडा फरक आहाराच्या परिणामात मिसळत नाही. कोणता नमुना कोणत्या आहाराचा, हे तपासणाऱ्याला माहीत नसतं. खाणाऱ्यापासून ताटात काय आहे ते लपवता येत नाही, म्हणून निदान तपासणाऱ्यापासून तरी ते लपवतो.

सकाळी ११.१५

माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तास. समोर एक ट्रकचालक बसले आहेत. कीटोचा पहिला आठवडा. डोकं दुखतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात. त्यांचा रक्तदाब आणि क्षार पाहून डॉक्टर खारट सूप वाढवायला सांगतात. वजन मात्र भराभर उतरल्याने ते खूश आहेत. मी त्यांना सांगते, की यात बरंच पाणी आहे. यकृत आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. ग्लायकोजेन सरलं की ते पाणीही जातं.

मग ते थोडं थांबून म्हणतात, “रविवारी नातीचा वाढदिवस होता. केक खाल्ला.”

मी त्यांचे आभार मानते आणि केवढा तुकडा होता ते विचारून लिहून घेते. रागवत नाही. आज रागावले तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि आमच्या काट्यांना, यंत्रांना काही अर्थ उरणार नाही. आहाराचा अभ्यास शेवटी अशा माणसांच्या खरेपणावर उभा असतो. ते बोटं टोचून घेतात, लग्नसमारंभात आमचा डबा उघडतात आणि कधी चुकले तर येऊन सांगतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

दुपारी १.००

जेवता जेवता एखाद्या शोधनिबंधाची चर्चा. आज तीन समोर आहेत.

पहिला ओहायो स्टेट विद्यापीठाचा, २०१९ चा. चयापचयाच्या बिघाडाची लक्षणं असलेल्या १६ जणांना वजन घटू न देता कमी कर्बोदकांचा आहार दिला. चार आठवड्यांनी निम्म्याहून अधिक जण त्या निदानाच्या निकषांबाहेर गेले. दुसरा २०२१ चा, अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने केलेला. २० जण तिथेच मुक्कामाला होते, दोन आठवडे कीटो आणि दोन आठवडे कमी चरबीचा शाकाहारी आहार, हवं तेवढं खायची मुभा. कमी चरबीच्या आहारात ते दिवसाला सुमारे ७०० कॅलरी कमी खात होते, पण जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन कीटोवर कमी राहिलं. तिसरा स्टॅनफर्डचा, ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा, २०२२ चा. मधुमेह किंवा त्याची पूर्वस्थिती असलेल्यांनी बारा-बारा आठवडे कीटो आणि भूमध्यसागरी आहार घेतला. तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्हींत सारखीच सुधारली. कीटोवर ट्रायग्लिसराइड जास्त उतरलं, पण एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलं, आणि पोटात तंतू कमी गेले.

एक विद्यार्थिनी वैतागून विचारते, “मग खरं कोणाचं?” तिघांचंही खरं आहे. प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला होता.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र कीटोच्या मूळ कामातच आहे. १९२१ साली मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी तो सुचवला. पुढे फिट्सवरची औषधं आली आणि तो मागे पडला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाने २००८ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. नेहमीच्याच उपचारांवर ठेवलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं. तोही आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत, ग्रॅम मोजून दिला जातो.

दुपारी ३.००

डॉक्टरांबरोबर सुरक्षेची बैठक. एका सहभागीचं एलडीएल बरंच चढलं आहे. पुन्हा तपासायचं, तसंच निघालं तर आहार थांबवायचा. ही मर्यादा अभ्यास सुरू होण्याआधीच लिहून ठेवली होती. मुख्य प्रश्न कोणता आणि उत्तर कशावरून ठरवायचं, हेही आधीच सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलं आहे. नंतर सोयीचा आकडा निवडण्याचा मोह आम्हालाही होऊ शकतो, त्याचा हा बंदोबस्त.

सायंकाळी ४.३०

डबे न्यायला माणसांची रांग. शीतपिशव्या भरायच्या, रिकामे डबे मोजून घ्यायचे. पुढचा दीड तास दिवसाच्या नोंदी तपासण्यात जातो.

रात्री ७.३०

सांगलीत सकाळचे सहा वाजलेत. मामांचा फोन.

“अगं, व्हॉट्सॲपवर आलंय, भात-भाकरी सोडली की महिन्यात साखर उतरते. करू का सुरू?”

“मामा, आधी गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवा.”

फोटोत ग्लिमेपिराइड आहे आणि डापाग्लिफ्लोझिनही. पहिल्या गोळीवर अचानक भात-भाकरी सोडली तर साखर धोकादायक उतरू शकते. दुसरीवर, साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. मी त्यांना हे सावकाश सांगते. डॉक्टरांना भेटल्याशिवाय ताट बदलणार नाही, असा शब्द घेते.

“बरं, पण तुझं मत काय? चांगला का वाईट?”

“मामा, कुणासाठी, किती दिवस आणि कशाच्या जागी, हे कळल्याशिवाय मी सांगू शकत नाही. अपस्माराच्या काही मुलांना त्याने नक्की आधार मिळालाय. साखरेवर काही महिने फायदा दिसतो, पण तसाच तो दुसऱ्या चांगल्या आहारानेही दिसलाय. पुढच्या अनेक वर्षांचं हृदयाचं काय, ते इतक्या छोट्या चाचण्यांतून कळत नाही. साखर घातलेला चहा, बिस्किटं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात कमी करायचं मात्र आज डॉक्टरांकडे गेल्यावर नक्की विचारा. त्यासाठी कुठल्याही आहाराचं नाव लागत नाही.”

मामा म्हणाले, “लिहून पाठव. डॉक्टरांना दाखवतो.” मी लगेच लिहायला घेतलं.