कॉर्ड म्हणजे काय? आधी देवळातल्या पेटीवर बघा, मग गिटार घ्या

पुणे : बारावी झाली की जुन्नर, आंबेगाव, पुरंदर, इंदापूर, भोर भागातली पोरं-पोरी शिकायला पुण्यात येतात. पेठांमध्ये, कर्वेनगरला नाहीतर कात्रजला कॉट बेसिसवर राहतात. कॉलेजात गॅदरिंग असतं, फिरोदिया करंडकाच्या तालमी चालू असतात. तिथं कुणीतरी गिटार वाजवताना दिसतं आणि आपल्यालाही हे यावं असं वाटायला लागतं. घरी फोन जातो. कांद्याचे नाहीतर दुधाचे पैसे आलेले असतात, त्यातले चार-पाच हजार गिटारीला जातात. मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघून होतात, बोटांची कातडी सोलवटते, ‘सी मेजर’, ‘ए मायनर’ असल्या शब्दांनी डोकं गरगरतं. दिवाळीला गिटार एसटीतून गावी येते आणि माळ्यावर जाऊन बसते.

बोटं दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, तो प्रश्न मोठा नाही. खरी अडचण समजण्याची आहे. कॉर्ड म्हणजे नेमकं काय, हे आपल्या भाषेत कुणी सांगतच नाही. आणि ते समजून घ्यायला लागणारं वाद्य बहुतेक गावांत आधीपासून आहे. भजनी मंडळाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. पेटीच्या पट्ट्या आणि पियानोच्या पट्ट्या यांची मांडणी एकच आहे. पियानोला पट्ट्या जास्त, एवढाच फरक.

तीन पट्ट्या एकदम

पेटीवर काळ्या पट्ट्या दोनाच्या आणि तीनाच्या जोडीने असतात. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडे जी पांढरी आहे ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढरी दोन, तीन, असं सातपर्यंत. काळ्या पाच. भजनात ‘काळी चार धरा’ म्हणतात ती यातलीच. इंग्रजी नावांना घाबरायचं कारण नाही. पांढरी एकला सी म्हणतात, दोनला डी, तीनला ई, चारला एफ, पाचला जी, सहाला ए आणि सातला बी. झालं.

आता पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तिन्ही पट्ट्या एकदम दाबा. भाता नेहमीपेक्षा जरा जास्त मारावा लागेल, कारण तीन सूर एकदम हवा खातात. जो भरलेला आवाज येतो ती सी मेजर कॉर्ड. पांढरी एक हा सा धरला तर हे सा, ग, प झाले. एका वेळी एक सूर वाजला की ती चाल. तीन किंवा जास्त सूर एकदम वाजले आणि ते एकमेकांत मिसळले की ती कॉर्ड.

बाकीच्या कॉर्ड पाठ करत बसू नका, मोजा. कुठलीही पट्टी घ्या, ती सोडून पुढे चार मोजा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. तिथून पुढे आणखी तीन मोजा. सुरुवातीची आणि या दोन, अशा तीन पट्ट्या म्हणजे त्या सुराची मेजर कॉर्ड. मायनर हवी असेल तर उलटं करा, आधी तीन आणि मग चार. सा आणि प जागेवरच राहतात, फक्त शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो. एका पट्टीचा हा फरक, पण मेजर मोकळी वाटते आणि मायनर जरा उदास. दोन्ही आलटून पालटून वाजवा, ज्याला सुरातलं काही कळत नाही तोही सांगेल की काहीतरी बदललं.

आता पांढरी एकला सा धरून आणखी दोन कॉर्ड शोधा. पांढरी चारपासून मोजलं तर चार, सहा आणि वरची एक मिळते. पांढरी पाचपासून पाच, सात आणि वरची दोन. या तीन कॉर्ड एकत्र बघितल्या तर साती शुद्ध स्वर त्यात येऊन जातात. शुद्ध स्वरांतली कुठलीही साधी चाल घ्या, तिचा सूर जिथं थांबतो तो या तीनांपैकी एका तरी कॉर्डमध्ये असतोच. म्हणून मोबाईलवर ‘तीन कॉर्डमध्ये गाणं’ असले व्हिडिओ निघतात. त्यात जादू काही नाही. गाण्याची ओळ ज्या सुरावर टेकते, तो सूर ज्या कॉर्डमध्ये आहे ती लावायची. दोन कॉर्डमध्ये तो सूर असेल तर दोन्ही वाजवून बघायच्या आणि कान सांगेल ती ठेवायची.

पियानोवाला डाव्या हाताने कॉर्ड धरतो आणि उजव्याने चाल वाजवतो. पेटीवर डावा हात भात्याला अडकलेला. तेव्हा घरातल्या बारक्याला भाता मारायला बसवा, दोन्ही हात मोकळे होतील. बारकं कंटाळेपर्यंत अर्धा तास सराव होतो. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर एका बोटाने पट्टी दाबली की आख्खी कॉर्ड ठेक्यासकट वाजते, तशी सोय त्यात भरलेली असते. लग्नाच्या वरातीत ते ठीक आहे. शिकणाऱ्याने ती सोय बंद ठेवावी.

कॉर्ड विलायती, पण सूर तंबोऱ्यातले

कॉर्ड ही इंग्रजांची, आपल्याकडे तसलं काही नाही, असं जाणती मंडळी म्हणतात. कॉर्ड बदलत राहून गाणं पुढं न्यायची पद्धत पश्चिमेकडची आहे हे खरं. पण सा, ग, प हे तीन सूर एकत्र का गोड लागतात याचं उत्तर मिरजेच्या तंबोऱ्यात मिळतं. चांगला जुळलेला तंबोरा नीट ऐकला तर तारा फक्त सा आणि प च्या असूनही मधूनच गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एक तार हलली की तिच्या पोटात वरचे बारीक सूर आपोआप निघतात, त्यातलाच तो एक.

हिशेबात सांगायचं तर सा ची तार सेकंदाला २४० वेळा हलत असेल तर शुद्ध गंधार ३०० वेळा आणि पंचम ३६० वेळा हलतो. म्हणजे ४, ५ आणि ६ असं सरळ प्रमाण. प्रमाण सरळ असलं की सूर एकमेकांत मिसळतात.

पेटीत मात्र थोडी लबाडी आहे. कुठल्याही पट्टीला सा धरता यावा म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे पेटीचा गंधार ३०० च्या ऐवजी ३०२ च्या थोडा वर जातो. पियानो आणि गिटारीचंही तेच. पेटीवर मींड निघत नाही आणि स्वरही थोडे सरकलेले, अशा तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ नंतर सैल झाली. देवळातल्या भजनाला या बंदीचा काही फरक पडला नाही, तिथं पेटी वाजतच राहिली.

गिटारीवर तेच, फक्त आडवं

गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात, आपण सतारीसारखं पडदे म्हणू. एक पडदा पुढं सरकलं की पेटीवरची एक पट्टी पुढं गेल्यासारखं, काळी धरून. बारा पडद्यांत एक सप्तक पुरं होतं. सहा तारा, वरच्या जाड तारेपासून खाली बारीक तारेपर्यंत अशा लावतात : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन.

पहिल्यांदा ई मायनर धरा, दोनच बोटं लागतात. वरून दुसरी आणि तिसरी तार, दोन्ही दुसऱ्या पडद्यावर दाबायच्या आणि साही तारा छेडायच्या. आता कुठल्या तारेवर कुठला सूर आला ते पेटीवर लावून बघा. सहा तारा आहेत पण सूर निघतात तीनच : पांढरी तीन, पाच आणि सात. तेच परत परत, खालच्या-वरच्या सप्तकात. तीनपासून पाचपर्यंत तीन पट्ट्या, पाचपासून सातपर्यंत चार. म्हणजे मायनर. गिटारीच्या पुस्तकात ठिपक्यांची चित्रं असतात त्यांचा अर्थ एवढाच असतो. हे एकदा कळलं की चित्र पाठ करायचं ओझं जातं.

दुसरी जी मेजर. वरची जाड तार तिसऱ्या पडद्यावर, तिच्या खालची दुसऱ्यावर आणि सगळ्यात खालची बारीक तार तिसऱ्यावर. सी मेजरला वरून दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर, तिसरी दुसऱ्यावर, पाचवी पहिल्यावर, आणि वरची जाड तार वाजवायची नाही. डी मेजरला खालच्या तीन तारा : चौथी दुसऱ्या पडद्यावर, पाचवी तिसऱ्यावर, सहावी दुसऱ्यावर. वरच्या दोन सोडून द्यायच्या. या चार कॉर्डवर हिंदी-मराठी गाण्यांचा मोठा ढीग बसतो. एफ मेजरला मात्र एका बोटाने साही तारा दाबाव्या लागतात. बरेच जण तिथंच गिटार खाली ठेवतात. तिला पहिले दोन-तीन महिने हात लावू नका, अडत काही नाही.

बोट पडद्याच्या धातूवर ठेवायचं नाही, त्याच्या अलीकडे अगदी जवळ ठेवायचं. लांब ठेवलं की तार खरखरते आणि नवशिक्याला वाटतं आपल्या बोटात जोर नाही. सराव एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याचा करा. एक मिनिट घड्याळ लावून जी-सी, जी-सी बदलत राहायचं. हे कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

घेताना

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात आणि कॅम्पात वाद्यांची दुकानं आहेत. घेताना तारा मानेपासून किती उंच आहेत ते बघा. उंच असल्या तर दाबताना जीव जातो, दुकानदाराला त्या खाली घ्यायला सांगा. रंग आणि चकचकाट बघून घेऊ नका. गावी नेल्यावर पत्र्याखाली किंवा चुलीच्या भिंतीला टांगून ठेवली तर उन्हाळ्यात मान वाकते. एकदा वाकली की दुरुस्तीला गिटारीइतका खर्च येऊ शकतो.

सोबत कॅपो घ्या, स्वस्त मिळतो. हा चिमटा पडद्यावर लावला की सगळ्या तारा तेवढ्या पट्ट्यांनी चढतात. बायका बऱ्याचदा काळी चारमध्ये गातात. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जी, सी, डी वाजवलं की झाली काळी चार. पुरुषांच्या काळी एकसाठी त्याच जागी कॅपो ठेवून सी मेजरला सा धरायचं. काळी दोन हवी असेल तर कॅपो तिसऱ्या पडद्यावर, बोटं सी मेजरचीच.

गोव्याकडून सिनेमात, सिनेमातून गावात

कॉर्ड आपल्या कानावर पडली ती मुख्यतः सिनेमातून, आणि सिनेमात ती आणण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा हात. पोर्तुगीज काळात तिथं चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वादक मुंबईला आले. संगीतकाराच्या चालीखाली कॉर्ड बसवणं, चाळीस-पन्नास वादकांना कागदावर सूर लिहून देणं, हे काम ते करत. एक व्हायोलिन सहसा एकच सूर धरतं, दुसरं दुसरा, तिसरं तिसरा. सगळे मिळून कॉर्ड होते.

पुणे जिल्ह्यातलं जवळचं उदाहरण अजय-अतुल यांचं. वडील महसूल खात्यात, त्यामुळे शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर भागात बालपण गेलं. घरात वाद्यं नव्हती, ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे जाऊन ती हाताळायची. पुढं घरात कीबोर्ड आला. २०१६ च्या ‘सैराट’चं वाद्यवृंदाचं काम त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून करून घेतलं. त्यातलं एखादं संथ गाणं हेडफोन लावून ऐका आणि गायकाच्या मागचे लांब ओढलेले सूर तेवढे धरा. ते मेजर आहेत की मायनर, हे पेटीवर शोधता येतं.

कुठं लावू नये

गावाकडे आता हरिपाठाला, सप्त्यालाही पोरं कीबोर्ड नाहीतर गिटार घेऊन बसतात. त्यावरून भजनी मंडळात कुरबुरी होतात. म्हातारी माणसं म्हणतात चालीचा नास केला. पोरं म्हणतात यांना नवीन काही नको. या भांडणात म्हाताऱ्यांचं बऱ्याचदा खरं असतं, फक्त त्यांना ते पोरांच्या भाषेत सांगता येत नाही.

मालकंसात पंचम नाही. तिथं सा-ग-प ची कॉर्ड धरली की रागात नसलेला सूर मागून घुसतो आणि गाणाऱ्याचा पाय अडखळतो. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. पांढरी एक सा असताना पांढरी चारची कॉर्ड वाजवली की तिच्यात मध्यम आलाच, आणि पाचची वाजवली की तिच्या मधल्या पट्टीवर निषाद. पेटीवाला बुवा तोंड वाकडं करतो ते याच्यासाठी. दुसरं असं की आपल्या गाण्यात सा जागचा हलत नाही. कॉर्ड सारखी बदलली की कानाला सा सरकल्यासारखा वाटतो आणि अभंग सिनेमाच्या गाण्यासारखा व्हायला लागतो.

तरी वाजवायचंच असेल तर वाट आहे. अभंग कुठल्या रागातला आहे ते बुवांना विचारून घ्या. रागात नसलेला सूर ज्या कॉर्डमध्ये येतो ती गाळा. भूपात सा-ग-प चालते, भैरवीत सा, कोमल ग आणि प चालते. शंका असली तर गंधार सोडा आणि नुसते सा आणि प धरा. मालकंसात सा आणि मध्यम धरा. भजनाला बसायच्या आधी गिटार मंडळाच्या पेटीवर लावा, मोबाईलच्या ट्यूनरवर लावू नका. जुन्या पेट्या बऱ्याचदा ट्यूनरच्या मापापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात, आणि पेटी काही तिथल्या तिथं लावता येत नाही. जाड तारेला पांढरी तीन, तिच्या खालच्या तारेला पांढरी सहा, असा एकेक सूर पेटीवाल्याकडून मागून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे, टाळकरी जमेपर्यंत होऊन जातं.